वडिलांची लिफ्ट म्हणून नोंदणी

दिनांक : २७, चालू महिना

प्रति,
मा. निरीक्षक, लिफ्ट शाखा,
निरीक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या वडिलांची नोंद लिफ्ट म्हणून करून मिळणेबाबत.
संदर्भ : कामगार कार्यालयाच्या खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. अर्जदाराचे वडील अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना उठवणे, अंघोळ घालणे, कूस बदलून देणे ही कामे एका एजन्सीमार्फत घरी येणाऱ्या काळजीवाहक बाई करतात. घरात त्यांना मावशी म्हणतात. वडिलांच्या पाठीला आजवर एकही जखम झालेली नाही, याचे श्रेय मावशींचे आहे. या मावशी येत्या सोमवारपासून अर्जदाराच्याच इमारतीत लिफ्टचालक म्हणून रुजू होत आहेत.

२. मावशींचे म्हणणे असे : "ताई, तिथं पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली, बसायला स्टूल. आणि आपण जेवायला बसलो की लिफ्ट हाक मारत नाही." अर्जदार पगार वाढवून देण्यास राजी होती. परंतु वाढ एजन्सीमार्फतच द्यावी लागते, आणि तिच्यातला मोठा वाटा एजन्सीकडेच राहतो. मावशी वडिलांना उचलतात. एजन्सी फक्त फोन उचलते, तोही लागला तर.

३. एजन्सीने बदली म्हणून एक मुलगी पाठवली. तिचे प्रशिक्षण एका दुपारी, प्लॅस्टिकच्या बाहुलीवर झाले होते. बाहुली हलकी असते आणि टोमणे मारत नाही. वडील जड आहेत. मुलगी दुपारी रडत परत गेली. तिचा दोष नाही.

४. अर्जदार कामगार कार्यालयात गेली. तेथील लिपिक म्हणाले, "घर म्हणजे आस्थापना नव्हे, मॅडम. मावशी तुमच्याकडे काम करत नाहीत, मदत करतात." मदतीला किमान वेतन किती, असे विचारले असता, "मदतीला कसलं आलंय किमान?" असे म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. लिफ्टचालक मात्र त्यांच्या किमान वेतनाच्या यादीत आहे. सबब हा अर्ज आपल्याकडे.

५. वडील दिवसातून अनेकदा खाली-वर होतात. मध्येच अडकतात. अडकले की सर्व मजल्यांना ऐकू जाते. लिफ्टसाठी दरवर्षी तपासणी, चालक आजारी पडल्यास बदली, आणि किती भार चालेल याची पितळी पाटी, अशी सोय आहे. मावशींच्या कमरेला किती भार चालेल, हे आजवर कोणी तपासलेले नाही. या नोंदणीस वडिलांची हरकत नाही. "लिफ्ट तर लिफ्ट," ते म्हणाले, "फक्त 'बंद आहे' अशी पाटी लावू नका."

६. सदर विनंती नियमात बसत नाही असे आपण कळवाल, याची अर्जदारास कल्पना आहे. मावशींना अडवावे अशीही विनंती नाही. त्यांच्या जागी अर्जदाराने लिफ्टच निवडली असती. पण सोमवारी सकाळी वडिलांना उठवायला कोणीतरी हवे. म्हणून अर्जदाराने हिशेबनिसाच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. काल मावशींनी तिला शिकवले : कमरेत वाकायचे नाही, गुडघ्यांत वाकायचे, आणि उचलताना त्यांच्याशी बोलत राहायचे, म्हणजे ते घाबरत नाहीत.

आपली नम्र, व सोमवारपासून बिनपगारी,

(सही)
अर्जदार