काटा अर्ध्यावर आला की

लोहारा, यवतमाळ
२९ जुलै २०१८

चि. संघर्ष भाऊजी यांस,
दीपमालाचा सप्रेम जयभीम.

आईंचा गुडघा आता कसा आहे? मी इकडे बरी आहे. दुकानात लोक इन्व्हर्टर दुरुस्तीला आणतात, मी पावत्या फाडते, फोन घेते. दिवस निघून जातो.

तुम्ही फवारणीच्या कामासाठी यांचा बॅटरीपंप मागितला, तेव्हा फोनवर मी "पाहते" एवढंच बोलले. तुम्हाला वाईट वाटलं असेल. पंप आज आमच्या दुकानाचे मालक प्रेमसिंगभाऊ यांच्या गाडीत पाठवते आहे. ते राळेगावला येत आहेत. बॅटरी त्यांनीच तपासली. म्हणाले, "वहिनी, वर्षभर पडून रायली का बॅटरी मरते. हे तं ताजी हाय. कोणं सांभाळली?"

"घरीच होती," मी म्हटलं. दर महिन्याला मीच चार्ज करत होते. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

तुमचे दादा सांभाळायचे तशीच सांभाळा. काम झालं की त्याच दिवशी चार्जिंगला लावा, उतरलेली तशीच ठेवू नका. पण वावरातून आल्या आल्या नको, आधी निवू द्या. हिरवा दिवा लागला की चार्जर काढा. ही सीलबंद बॅटरी आहे, पाणी घालायला झाकण उघडू नका. टिनाखाली तर ठेवूच नका. हे तिला माठाजवळ गारव्याला ठेवायचे आणि मगच हातपाय धुवायचे. मी एकदा म्हटलं, "माह्यापेक्षा तिचेच लाड जास्त हायेत."

"तू रागावली तं बोलून दाखवतं," ते म्हणाले. "हे काही बोलत नाही. सीधी बंद पडते."

त्यांच्या हातात ती कधी बंद पडली नाही. तेच मला तुम्हाला सांगायचं आहे आणि फोनवर सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, तुम्ही पाहिलीच. ज्या फवारणीनं ते गेले, त्या दिवशी दुपारी यांचे डोळे चुरचुरायला लागले, मळमळलं, म्हणून ते वावराच्या धुऱ्यावर बसले. बरोबरच्या धावजींनी मला हे नंतर सांगितलं. वावराचे मालक म्हणाले, उरलेल्या ओळी तेवढ्या आटपून टाका. यांनी पंपाचा काटा पाहिला. चार्ज बाकी होता, म्हणून उठले. हातपंप असता तर दांडा मारून हात भरून आला असता आणि काम उद्यावर गेलं असतं. बॅटरीपंपाला थकवा नसतो. तो खांद्यावर चालूच राहतो, आणि माणूस त्याच्या मागे चालत राहतो.

पंप द्यायचाच नाही असं मी ठरवलं होतं. पण तुम्ही दुसऱ्या कोणाचा तरी घेऊन जालच. काम सोडा असं सांगायचा मला अधिकार नाही. चष्मा आणि हातमोजे डब्यात ठेवले आहेत. उकडतं म्हणून काढू नका.

आणि एक नियम पाळा. काटा अर्ध्यावर आला की पंप खाली ठेवायचा. त्या दिवसापुरतं काम संपलं. मालक म्हणतील, अजून चार्ज आहे ना. त्यांना सांगा, पूर्ण उतरवली की बॅटरीचं आयुष्य कमी होतं, वहिनीनं बजावलं आहे. ते खरंही आहे, प्रेमसिंगभाऊंना विचारा. मालकासमोर तब्येतीचं कारण सांगायला तुम्ही लाजाल, हे मला माहीत आहे. तुमचे दादाही लाजले. बॅटरीचं कारण सांगायला लाज वाटणार नाही.

आणि काटा पूर्ण भरलेला असला, पण डोकं जड वाटलं, तरी पंप खाली ठेवा. तेव्हाही बॅटरीचंच नाव सांगा.

घरी आलात, अंघोळ झाली, जेवायला बसलात की मला फोन करत जा. बोलायला काही नसलं तरी करा. मी उचलेन.

तुमच्या फोनची वाट पाहणारी,
दीपमाला वहिनी