गिरणीवालीची बाजू

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१५
आजपासून गेमचा ग्रुप बंद. वाचायचासुद्धा नाही. एकसष्ट वर्षांची बाई मी, दुकानात चौदा पँटी आल्टरला पडल्यात, आणि सकाळी उठून बघते काय, तर मीठनगरीच्या लॉजवर खाटा तीन असताना अकरा पाहुणे झोपतात कुठे! बास झालं. फोन मशीनच्या खणात. खणाला कुलूप.

७.४०
कुलूप काढलं. गिऱ्हाइकाचा फोन आला असता म्हणजे?
ग्रुपवर सत्तावीस मेसेज. खाटांचं अजून मिटलेलं नाही. मी एकच ओळ टाकली, की आमच्याकडे लग्नात तेवीस माणसं दोन खोल्यांत झोपली होती, आणि त्यातली चार तर भांडलेली होती. नऊ जणांनी हसरे चेहरे टाकले. आता खरंच बंद.

मंगळवार, ४ मार्च
एकदा लिहून ठेवते. मी गेम खेळत नाही. कॉम्प्युटर बंद राहिला की आतून खराब होतो, म्हणून रोज तासभर चालू करते. चालू केलाच आहे तर रिकामा कशाला ठेवा.
गेम ह्यांचा. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मीठनगरीचा हरवलेला राजा शोधायचे. बावीस वर्षं. राजा सापडला की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायची, अहो, त्याला एकदा दोरीने बांधून ठेवा. मी शेजारी बसून हेमिंग करायची. गेम सगळा इंग्रजी, आणि मी गावच्या शाळेत सातवी. माझं इंग्रजी म्हणजे एम, एल, एक्सएल आणि ड्राय क्लीन ओन्ली. म्हणून त्यातलं कोण काय बोललं ते हे मला मराठीत वाचून दाखवायचे. होडीवाला, वेशीवरचा पहारेकरी, गिरणीवाली, सगळे तोंडपाठ. हे जाऊन दीड वर्ष झालं, पण एकही वाक्य विसरले नाही. ग्रुपमध्ये एकतीस जण आहेत, एवढं पाठांतर एकाचं नाही. गर्व नाही करत. आहे ते लिहिलं.

बुधवार, ५ मार्च. दुपारी १.००
ग्रुपमध्ये एक कंपाउंडर आहे. खरोखरचा, दवाखान्यात पुड्या बांधतो. त्याने आज सात मेसेजमध्ये शोध लावला. म्हणे मीठनगरीच्या नकाशात शेत एकही नाही. जमीन मिठाची, गवतसुद्धा उगवत नाही. मग गिरणी दळते काय? बरं, गिरणीवाला कोणी पाहिला? कोणीच नाही. त्याची बायको मात्र दारात उभी राहून हसत असते. तेव्हा सातव्या मेसेजात निकाल: तिनेच नवऱ्याला मारलं आणि दळलं.
दळलं!
पुरावा काय, तर ती रडत नाही.
झिप उलटी बसवली. उसवली. पुन्हा उलटीच बसवली.

४.१०
मी शांतपणे लिहिलं. बाळा, धान्य होडीने येतं. गिरणीवाली स्वतःच्या तोंडाने सांगते, की पोती होडीतून येतात आणि तुझ्यासारखे रिकामटेकडेही त्याच होडीतून येतात, पोती निदान उपयोगाची असतात. आणि हिरो तिला विचारतो, नवरा गेला तरी हसतेस कशी? तेव्हा ती म्हणते, मी रडले की तो माझी नक्कल करायचा. आता नक्कल करणाराच नाही, तर रडण्यात मजा काय?
हेसुद्धा माझी नक्कल करायचे. तो योगायोग.
कंपाउंडर म्हणतो, सुईमावशी, असं वाक्य गेममध्ये नाही. असेल तर स्क्रीनचा फोटो दाखवा.
(ग्रुपवर माझं नाव सुई. मावशी त्यांनी लावलं.)
मग प्रोफेसर मधे पडला. तो ॲडमिन. शिकवत काही नाही, पोस्टात आहे, पण फोटोत चष्मा आहे. म्हणाला, रविवारी सोळा तारखेला संध्याकाळी पाचला मतदान. ठरेल ते मीठनगरीच्या माहितीकोशात लिहिणार. मग नवीन कोणीही खेळायला आला की तेच वाचणार. कायमचं.

गुरुवार, ६ मार्च
मला त्या बाईशी काही देणंघेणं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
उद्यापर्यंत गिरणीवर पोचायचं. परवा फोटो. रविवारी कंपाउंडरचा माफीनामा. माफीनामा कसा असावा ते मी लिहून ठेवलंय, चुकायला नको.
ह्यांनी कॉम्प्युटरात साठवलेले जुने डाव असते तर दोन मिनिटांचं काम होतं. पण गेल्या वर्षी मी कॉम्प्युटरची साफसफाई केली, त्यात ते गेले. साफसफाई फक्त बाहेरून करायची असते, हे दुकानवाल्याने आधी सांगायला हवं होतं.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी १०.३०
गिरणीच्या अलीकडे घाट आहे. घाटात लांडगे. चार वेळा मेले. हिरोच्या हातात तलवार नव्हती, कंदील होता, हे चौथ्यांदा मरताना कळलं. लांडग्यांची शिस्त बरोबर नाही.

१२.१०
वन्सं आल्या. ह्यांची धाकटी बहीण. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होत्या, आता रिटायर. दहा दिवस राहणार. त्यांच्यादेखत गेमला हात लावायचा नाही. मान आहे काही माझा.

१२.३५
वन्सं आंघोळीला गेल्या. लांडगे. पाचव्यांदा.

रविवार, ९ मार्च
वन्संनी पकडलं. मी म्हटलं, मशीन हवेशीर करतेय. त्या म्हणाल्या, वहिनी, हवेशीर करताना लांडग्याला शिव्या द्याव्या लागतात का?
बसवत नाही. पँट घेते, ठेवते. गॅलरीत जाते, परत येते. चहा केला, प्यायचा राहिला.
वन्संचं आणि माझं एक बोलायचं राहिलंय. इथे लिहिलं तर काय बिघडतं. हे गेले त्या दिवशी हॉस्पिटलात ह्यांना खाली न्यायचं होतं. स्ट्रेचरवर. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. माझ्या तोंडून निघालं, अहो, ह्यांनाच उठवा, दोन मिनिटांत चालू करतील. चुलत सासरे माझ्याकडे बघतच राहिले. वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दीड वर्ष झालं, त्या विषय काढत नाहीत, मी काढत नाही.
मला त्याचं काही वाटत नाही. जोक चांगला होता.

मंगळवार, ११ मार्च
ग्रुपवर नवा वाद. हिरो एकोणीस तलवारी, दोन ढाली आणि एक शिडी घेऊन पळतो, ते ठेवतो कुठे? प्रोफेसर म्हणाला, जादूची थैली. मी म्हटलं, अरे, शिडीसाठी खिसा शिवायचा तर तीन मीटर कापड लागेल, आणि पळताना पँट खाली येईल. सगळे हसले. कंपाउंडर नाही हसला. म्हणाला, विषय बदलू नका, पाच दिवस राहिलेत.
बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून लावून माणसांवरही लावायला लागलाय.
वन्सं खुर्ची घेऊन शेजारी बसल्या. घाटाच्या तोंडाशी पाटी आहे, ती त्यांनी वाचली: लांडगे आहेत, मांस टाका. मांस टाकलं. लांडगे गेले.
पण पाटीवर ते नाहीच मुळी. ह्यांनी मला शंभर वेळा वाचून दाखवली आहे. बायको सोबत असल्यास लांडग्यांनी आपापल्या जबाबदारीवर थांबावं, असं लिहिलंय.
वन्संचं इंग्रजी ऑफिसातलं आहे. गोष्टीतलं वेगळं असतं.

गुरुवार, १३ मार्च
होडीवाल्यापाशी पोचलो. त्याचं भाषण मोठं आहे: गुडघे दुखतात, मेव्हणा होडी मागतो, आणि या पाण्यात मीठ एवढं की रडलं तर कळत नाही. वन्संना म्हटलं, वाचा. त्या म्हणाल्या, दोन नाणी.
मी म्हटलं, पुढचं?
पुढे काही नाही, वहिनी. दोन नाणी, आणि मग टिंब.
गाळतात. क्लार्कची सवय, फाइलवर शेरा मारल्यासारखं वाचतात. वेशीवरचा पहारेकरी चाळीस वर्षं उभा आहे, त्याला शौचाला कधी सोडतात यावर तो केवढी तक्रार करतो. त्यांनी वाचलं: थांब. बस, एवढंच.
जाऊ दे. गिरणीवालीचं मात्र अक्षर न् अक्षर वाचून घेणार.

शनिवार, १५ मार्च. सकाळी ११.००
गिरणी दिसली. वन्संना चष्मा पुसायला लावला.

११.२०
दारात उभी आहे. तीच, लाल ओढणीची, हसरी. हिरोला तिच्याकडे नेलं. अक्षरं आली. एक ओळ. वन्संनी वाचली: गिरणी बंद आहे.
पुन्हा दाबलं. गिरणी बंद आहे. मागे जाऊन पुन्हा आलो. तलवार ठेवून आलो. टोपी घालून आलो. अकरा वेळा. गिरणी बंद आहे.
वन्संवर माझा अविश्वास नाही. तरी चष्म्याच्या दुकानातल्या बाई पडद्यांचं माप द्यायला आल्या, त्यांना फोटो दाखवला. त्यांनी लांबून वाचलं, जवळून वाचलं. गिरणी बंद आहे.

३.००
कॉम्प्युटर जुना झालाय, शब्द आत अडकत असतील. हे असते तर उघडून बघितलं असतं.

३.३०
वन्संना घेऊन आख्ख्या नगरीत फिरले. लोहार, न्हावी, लॉजवाला, तुरुंगातला म्हातारा. एकेक ओळ. या. जा. खोली नाही. मला माहीत नाही.
कोणी बोलतच नाही त्या गावात. बावीस वर्षं तिथे एकटे हेच बोलत होते.

रविवार, १६ मार्च. दुपारी २.००
ग्रुपवर काय सांगायचं? पहिला मसुदा: कॅमेरा बिघडला. दुसरा: वन्सं आजारी. वन्सं म्हणाल्या, मला कशाला आजारी पाडताय? तिसरा: ते वाक्य फक्त हुशार खेळणाऱ्यांनाच दिसतं. हा बरा वाटला. तरी पाठवला नाही.
सकाळपासून एक बटण चार वेळा लावलं.

३.१५
वन्संनी विचारलं, वहिनी, तुम्हाला त्या बाईचं एवढं काय पडलंय? मी म्हटलं, रडत नाही म्हणून खुनी ठरवतायत तिला. आवाज जरा चढला माझा.
वन्संनी हातातली रिकामी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, तुम्ही लिफ्टपाशी बोललात ना, तेव्हा मला हसू फुटलं होतं. आवरेना, म्हणून भिंतीकडे वळले. आणि मनात काय आलं माहितीये? घरी गेल्यावर दादाला सांगू, वहिनी काय म्हणाल्या ते.
मी म्हटलं, दीड वर्षात हे सांगायला काय झालं होतं?
त्या म्हणाल्या, तुम्हाला माझा राग आलाय असं वाटत होतं.
सुईत दोरा त्यांनी ओवून दिला.

४.४०
पाठवलं. लिहिलं, की वाक्य गेममध्ये नाही. पोत्यांचं नाही, रडण्याचं नाही. मी आजवर सांगितलेलं एकही नाही. माझे मिस्टर मला वाचून दाखवायचे, ते त्यांच्या पदरचं होतं. मला इंग्रजी येत नाही. बाई निर्दोष आहे, पण माझ्याकडे फोटो नाही.

५.३०
निकाल. खुनी: बावीस. निर्दोष: चार. त्या चारांत एक मी. प्रोफेसरने माहितीकोशात लिहूनही टाकलं. नवऱ्याला मारून दळणारी बाई, असं, तिच्या हसऱ्या फोटोखाली.

५.५०
कंपाउंडरचा मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकटीला. मावशी, माझी थिअरी बरोबरच आहे, पण मत मी तुमच्या बाजूने दिलं. आणि विचारलं, तो होडीवाल्याचा मेव्हणा, तोही तुमच्या मिस्टरांचाच का? तुम्ही लिहिता ती सगळी वाक्यं मी वहीत उतरवून ठेवतो. एकेचाळीस झालीत. दवाखान्यात गर्दी नसली की वाचतो. अजून असतील तर सांगा ना.

६.१०
मी त्याला कळवलं, बेचाळिसावं उद्या सकाळी. आता मीच रचणार. रोज एक. वर्षाची तीनशे पासष्ट. पहिलं गिरणीवालीचं, तेही असं, की बावीसच्या बावीस जण मत बदलायला धावत येतील. ह्यांना दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून जमायचं, मला न जमायला काय झालं? घरात तोंड माझंच मोठं होतं.

सोमवार, १७ मार्च. सकाळी ९.००
वही घेतली. पेन्सिलीला टोक केलं. गिरणीवाली समोर उभी केली.

११.३०
खोडलं.

१२.४५
दोनदा खोडलं. चालून आले. तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आणि ते ह्यांचंच निघालं, पोत्यांचं.

१.२०
मी वन्संना म्हटलं, एकदा पुन्हा वाचा ती काय म्हणते. वन्संनी चष्मा लावला आणि वाचलं. मी म्हटलं, जरा तिच्यासारखं वाचा. त्यांनी मान वाकडी करून, कमरेवर हात ठेवून, आवाज बारीक करून वाचलं.
गिरणी बंद आहे.