मुकादमाविरुद्ध तीस दिवस

४ सप्टेंबर, सकाळी ८.१०
मुकादमाचा निकाल लावला. संगणक चालू केला की हा प्रोग्राम सगळ्यात आधी जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. इतपत ठीक होतं. पण हळूहळू त्याने घड्याळ, नेटवर्क, नोंदी, सगळंच ताब्यात घेतलं. वर संगणक बंद करताना दीड मिनिट ताटकळत ठेवतो. ते दहा सेकंदांवर आणायला मी दुरुस्ती पाठवली होती. अकरा महिन्यांनी मेंटेनरचं, म्हणजे मुकादम सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं, गरज वाटत नाही.

मला वाटते. मुकादम फोर्क केला. म्हणजे त्याचाच सगळा कोड उचलला, माझी दुरुस्ती घातली आणि ‘मुकादम’ दिसेल तिथे ‘नम्र’ केलं.

५ सप्टेंबर
मेलिंग लिस्टवर, आम्हा प्रोग्रामवाल्यांच्या ईमेल-गटावर, जाहीर केलं: नम्र एका खऱ्या ऑफिसात तीस दिवस बिनचूक चालवीन आणि पाच ऑक्टोबरला पुराव्यादाखल बूट लॉग (संगणक सुरू होताना तो स्वतः लिहितो ती नोंद) टाकीन. नाही जमलं तर लिस्ट कायमची सोडीन. बारा वर्षं लिस्टवर आहे. माझं म्हणून जे काही आहे ते तिथेच आहे.

खरं ऑफिस म्हणजे बायकोचं. ती बाहेरच्या खोलीत इमारतींचे नकाशे काढते. किरकोळ अपडेट आहे असं तिला सांगितलं.

६ सप्टेंबर, सकाळी ९.३०
तिचा संगणक उठला नाही. काळा पडदा, वर एक ओळ. ओळ आली म्हणजे ऐंशी टक्के काम झालं. तीन वाजता शाळेचा नकाशा द्यायचाय म्हणे. म्हटलं, संध्याकाळी बघतो. लिस्टवर एकाने मला हौशी म्हटलंय. त्याला असं मोकळं कसं सोडणार?

संध्याकाळी ६
हौशी म्हणणाऱ्याला सतरा मुद्द्यांचं उत्तर दिलं. बाहेर येऊन बघतो तर संगणक सुरळीत. नम्र स्वतःला सावरतो! हे मी मुद्दाम घातलेलंही नव्हतं. मेहुणा आलेला दिसला. त्याचं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. नजर चुकवून निघून गेला. जळतो.

११ सप्टेंबर
टीम झाली. मी आणि लिस्टवरचा दाढी. त्याच्या फोटोत तेवढीच दिसते. कोड अजून कुणी लिहिलेला नाही, पण नियमावलीचं काम जोरात आहे.

१५ सप्टेंबर
दाढीचं म्हणणं, दहा सेकंद फार होतात, पाच करा. गरज वाटत नाही असं कळवलं. त्याने नम्र फोर्क करून ‘अतिनम्र’ काढला. जरा मनाविरुद्ध झालं की वेगळी चूल मांडायची. अशा माणसांमुळेच कुठलीही चळवळ उभी राहत नाही.

२२ सप्टेंबर
अठरावा दिवस. एकही बिघाड नाही. बंद करताना अजून दीड मिनिट लागतं असं बायको म्हणाली. तिला समजावलं, घाईत असलं की दहा सेकंदही मोठे वाटतात.

३० सप्टेंबर
मेंटेनरने विचारलं, मधला एखादा लॉग बघायला मिळेल का. इतक्या गोडीने विचारतोय म्हणजे टरकलाय. लिहिलं, पाच तारखेला डोळे भरून बघा.

५ ऑक्टोबर, सकाळी १०
तीस दिवस पूर्ण. लॉग काढला आणि तसाच लिस्टवर टाकला. चार हजार ओळी. सोबतचं निवेदन त्याहून जरा लहान.

दुपारी १२
मेंटेनरचं उत्तर: अभिनंदन, पहिली ओळ वाचावी.
वाचली. ‘मुकादम सुरू होत आहे.’ खाली शेवटपर्यंत मुकादमच. तीस दिवस, बिनचूक.

दुपारी १
बायकोला जाब विचारला. शाळेच्या नकाशाच्या दिवशीच तिने भावाला बोलावून जुनं परत घालून घेतलं होतं. मला का नाही सांगितलं? दोनदा आत आले, म्हणाली, दोन्ही वेळा तू न बघताच हात वर करून थांब म्हणालास.

असो. नम्र चाललाच नाही म्हणजे चाचणीच झाली नाही, आणि न झालेल्या चाचणीत कुणी नापास होत नाही. लिस्ट सोडायचा प्रश्नच नाही. उद्यापासून नव्याने तीस दिवस. तिला तसं ठणकावून सांगितलं.

ती म्हणाली, खुशाल कर. या वेळी तुझ्या लॅपटॉपवर.

त्यावर मुकादमच आहे, पहिल्यापासून. लिस्टवर कुणी विचारलं नाही म्हणून मी बोललो नव्हतो. तिला म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर नको, मला रोज काम असतं.

ती म्हणाली, मलाही असतं.

दुपारी ४
लाज वाटली. लिस्ट सोडली.