काचेतली बाही

९ फेब्रुवारी, दुकानातून, दुपारी

प्रिय मुंगे,

तुझं पत्र परवा मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच बारीक आणि एका रेषेत. तुझी वहिनी म्हणाली, "हिनं पत्रसुद्धा रफू केल्यासारखं लिहिलंय." आम्ही बरे आहोत. तिचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, मी रोजच कुरकुरतो. स्वतःच्या तब्येतीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. विचारलंस ते एवढंच, की गिऱ्हाईक कसं आणायचं.

म्हणजे दुकान चालत नाहीये. एप्रिलअखेर जम बसला नाही तर रफूचं काम सोडून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जाईन, असं शेवटच्या ओळीत लिहिलंस. तुझी खरी बातमी नेहमी शेवटच्याच ओळीत असते. तर आता ऐक. बोलण्याच्या धंद्यात मी मुरलेला आहे, एवढं तरी तू मान्य करशील.

पत्रकं वाटणं आधी बंद कर. मीही एकदा पाचशे वाटली होती. एकच माणूस आला, तोही शेजारच्या दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला. त्यापेक्षा धुलाई-इस्त्रीच्या दुकानांत जाऊन बस. कोणाच्या कोटाला भोक पडलंय हे घरच्यांच्या आधी त्यांना कळतं. त्यांचा एखादा कपडा फुकट करून दे, मग बघ.

पाटीवर 'सर्व प्रकारची कामे' असं लिहिलंयस, त्यातून कोणाला काही कळत नाही. 'जळालेले, फाटलेले, कसर लागलेले कापड पहिल्यासारखे करून मिळेल' असं लिही. वाचणाऱ्याला आपल्या कपाटातला तो एक कपडा आठवला पाहिजे.

दर निम्मा केलास ते चुकलं. लोकांना वाटतं, कामही निम्मंच असणार. उद्यापासून पूर्वीचा दर सांग, आणि सांगताना खाली बघू नकोस.

झालेला कपडा घडी घालून पिशवीतून देऊ नकोस. टेबलावर पसर, दिवा लाव आणि गिऱ्हाइकालाच म्हण, "कुठे फाटलं होतं, शोधा." आपल्या धंद्याची पंचाईतच ही, की काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही. ज्याला सापडत नाही तो घरी जाऊन चार जणांना सांगतो.

त्याच कारणासाठी काचेत नमुना टांग. एकाच कापडावर दोन फाटलेल्या जागा. एक तशीच उघडी, दुसरी भरलेली, आणि भरलेल्या जागेभोवती लाल दोऱ्याचं गोल. माझ्या काचेत करड्या कोटाची बाही आहे, ती बघायला रोज कोणी ना कोणी थांबतं.

ती बाही तुझी आहे. तू गेलीस तेव्हा मागच्या खोलीत राहिली होती.

हे वाक्य लिहून मी मध्ये अर्धा तास उगाच कात्र्या पुसत बसलो होतो. लोक विचारतात, हे कोणी केलं? मी म्हणतो, "आमच्याकडेच केलंय." यात खोटं काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो.

गेल्या महिन्यात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या गेलेल्या वडिलांचा कोट कोपरावर जळाला होता. बाहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, अगदी असंच करून द्या. मी चार दिवस बसलो. तू करायचीस तसे आतल्या शिवणीतले धागे काढले, उभे-आडवे एकेक करून विणले. मग कोट टेबलावर पसरला, दिवा लावला आणि ऐटीत म्हणालो, "शोधा." मुंगे, बाईंनी चष्मासुद्धा लावला नाही. बोट बरोबर त्या जागेवर ठेवलं. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "काचेतलं तुम्हीच केलंय ना?" मी हो म्हणालो.

याहून वाईट पुढे आहे. आपली जुनी गिऱ्हाइकं येऊन सांगायची, "तुमच्या बहिणीच्या हातचं हवं." मी सांगायचो, तिनं हे काम सोडलं. तू बसनं तासाभरावर दुकान थाटून वाट बघत होतीस, तुझा पत्ता माझ्या खणात होता, आणि दोन वर्षं मी हेच सांगत होतो.

तू लिहिलंयस, 'कदाचित माझ्या हातात आता काही राहिलं नसेल.' तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. तुझी माणसं मी अडवली. तुला गिऱ्हाइकाशी बोलायचं सुचत नाही, तेही माझ्यामुळेच. तुला पुढे बसायचं होतं, तर मी म्हणालो, "तुझं तोंड बघून माणसं पळतील, तू आतच बरी." त्यावरून भांडलीस आणि गेलीस, ते बरोबर केलंस. खरं सांगू, मी घाबरलो होतो. हात कोणाचा आहे हे लोकांना कळलं, तर मला कोण विचारणार?

आज सकाळी शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तुझा पत्ता लिहून घेतला. शनिवारी कोट घेऊन तुझ्याकडे येतील. बाकी ज्यांना ज्यांना खोटं सांगितलं, त्यांच्याकडेही जातोय. काहींनी चांगलंच सुनावलं. बाही या पत्रासोबत पाठवली आहे. कोटावरचे माझे टाके तूच उसव आणि उसवताना हवं तेवढं हस.

मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. पण शनिवारी आत बसू नकोस, पुढे येऊन उभी राहा. बाईंना ठाऊक आहे, तरी तुझ्या तोंडून ऐकायला विचारतील, ती बाही कोणी केली. 'आमच्याकडे केली' असं म्हणू नकोस. 'मी केली' म्हण.

दोन वर्षं तुझ्या हातावर नाव मिळवलेला,
दादा