रिकामी पिशवी

चिखलदरा, ३ फेब्रुवारी १९५९

आज पिशवी खुंटीवरच राहू दिली. एकदाची!

अकोल्याहून इथल्या शाळेत बदली झाल्यापासून मी रोज संध्याकाळी टेकडी चढून तलावापर्यंत जाते, आणि रोज हातात रिकामी पिशवी. का? तर मास्तरीण बिनकामाची हिंडते असं कोणी म्हणू नये. पिशवी दिसली की लोकांना वाटतं, बाजाराला निघाली. तलावाकाठी कुठला आलाय बाजार!

काल त्याच पिशवीनं घात केला. टेकडीच्या पायथ्याशी शाळेतल्या मोठ्या बाई भेटल्या. "बाजारात चाललाच आहात, तर माझेही बटाटे आणा." टेकडी राहिली, बटाटे आणले. माझीच लबाडी, मीच वाहिली.

आज मोकळ्या हातांनी गेले. चौकात दोघं बघत राहिले. बघोत. वर तलाव इतका निवांत, की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटला. चपला हातात घेऊन चालले.

परतले तर घरमालकीण गयाबाई दारातच.

"बाई, पिशवी तं घरीच हाये. गेल्या कुठं होत्या?"

"फिरायला."

"काहून?"

"आवडतं म्हणून."

त्या जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "उद्या मलेबी घेऊन चाला. पन पिशवी घेऊ बाई, लोकाईले काय सांगू?"

नेणार. हट्टानं नेणार त्यांना. पिशवी मात्र आत्ताच बादलीत भिजत घातली आहे.