दोषाविना दोनशे पन्नास दिवस

मी, गुरुशांत महालिंगप्पा हत्तुरे, वय ६१, राहणार भवानी पेठ, सोलापूर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी वैजयंती हिला. तिच्या हयातीत घर विकण्याचा आग्रह कुणी धरू नये. चिरंजीव ऋतुराज, हे तुलाच लिहिले आहे.

२. धागे मोजायची काच ऋतुराजला. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात मी एकोणीस वर्षे तपासनीस होतो. टॉवेल उजेडासमोर धरायचा, दोष दिसला की खडूने खूण करायची आणि माग थांबवायचा. विणकर शिव्या देत. माग थांबतच असे.

३. हीच शिस्त हवी म्हणून उदयसिंह यांनी मला त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत नेले. ते रक्तपेढ्यांसाठी प्रोग्राम बनवत. मला कॉम्प्युटर येत नव्हता, दोष धरण्याची पद्धत येत होती. मी नियम घातला: वहीत नोंद नाही तो दोष नाही. भिंतीवर फळा लावला, दोषाविना गेलेल्या दिवसांचा. अडीचशे भरले की सगळ्यांना होटगीला हुरडा. कारखान्यात हाताखालच्याला दोष सापडला की मी शाबासकी देत असे. इथे न सापडल्याची दिली. चूक माझी आहे.

दोनशे चाळिसाव्या दिवशी साबेरा माझ्या टेबलाशी आली. प्रोग्राम तपासण्याचे काम तिचे. एकाच वेळी दोन रुग्णांच्या नोंदी उघड्या असल्या तर कधीकधी एकाच्या रक्ताच्या पिशवीवर दुसऱ्याचे लेबल छापले जात होते. मागून कुणीतरी म्हणाले, साबेराबाईंना हुरडा नको झालाय की. सगळे हसले. मीही.

“सर, मी दोनदा बघितलंय,” ती म्हणाली. “लिहू का नको, तेवढं सांगा.”

“तिसऱ्यांदा आलं तर लिही,” मी म्हणालो.

तिसऱ्यांदा आले नाही. आम्ही हुरडा खाल्ला. पुढच्या महिन्यात प्रोग्राम निर्दोष असल्याच्या दाखल्यावर मी सही केली.

४. माझी सर्व टिपणे साबेराला. तिचे म्हणणे बरोबर होते, हे मी येथे लेखी देत आहे. तिला लाभ मिळत असल्याने ती साक्षीदार नाही.

५. ज्या रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया आहे, तेथील रक्तपेढीत तोच प्रोग्राम चालतो. हे कळताच मी उदयसिंह यांच्याकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “वहीत नोंद नाही, म्हणजे दोष नाही. नियम तुमचाच आहे, हत्तुरेकाका.” मी रुग्णालयाला दोन पत्रे लिहिली. उत्तरादाखल त्यांनी दाखल्याची प्रत पाठवली. खाली माझी सही होती.

वैजयंती म्हणते, दुसरीकडे जाऊ. जाता येईल. पण तेथे रोज पिशव्या दिल्या जातात, आणि त्या माणसांना दुसरीकडे जाण्याचे कारण ठाऊक नाही. मला ठाऊक असूनही मी तेथे दाखल होत आहे. माझे काही झाले तर निदान वहीत नोंद होईल.

६. या मृत्युपत्राचा अंमल ऋतुराजने करावा. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. शस्त्रक्रियेत अगर नंतर माझे निधन झाल्यास शवविच्छेदनाला नकार देऊ नये. मला मातीत ठेवण्याआधी, मला दिलेल्या रक्ताच्या पिशव्या मागून घ्याव्यात. लेबलवर माझेच नाव आणि माझाच गट असेल. त्यावर विसंबू नये. पिशवीत उरलेले रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासावे.

मी वाचलो तरीही तपासावे. माझ्यासाठी काढलेली पिशवी त्या दिवशी दुसऱ्याच्या लेबलाने दुसऱ्या कुणाला गेली असेल.

गुरुशांत महालिंगप्पा हत्तुरे (सही)

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या:
१. महिपती रामू गवसाने, शेजारी (सही)
२. अल्तमश चांदसाब शेख, कारखान्यातील जुने सहकारी (सही)

सोलापूर, शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५