क्रोमियमचे सहा पाट

वाराणसी,
शुक्रवार दुपार

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली, याला मी तरी काय करू? सोमवारपासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवला तर घेता, पण माझ्याकडे बघत नाही. आता तुम्ही राजा घाटावर गेला आहात, म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझ्या अकरावीच्या वर्गातली कालिंदी तुम्हाला ठाऊक आहे. केमिस्ट्रीत ती एका मार्काने नापास झाली आणि आता तिला पुन्हा अकरावीतच बसवणार आहेत. क्रोमियमचे शेवटचे सहा इलेक्ट्रॉन कसे बसतात, या प्रश्नावर तिने थ्री-डीत पाच आणि फोर-एसमध्ये एक असं लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी दोन मार्क कापले, कारण आपल्या कॉलेजात उत्तरं आजही तुमच्या त्या खाकी कव्हरच्या वहीवरून तपासली जातात. वहीत फोर-एसमध्ये दोन आणि थ्री-डीत चार आहेत.

तुम्ही हे कसं शिकवायचात, ते मला तोंडपाठ आहे. आजोबा अमृतराव घाटावर ब्राह्मणभोजनाच्या पंगती बसवायचे, तशीच तुम्ही फळ्यावर पंगत मांडायचात. फोर-एस ही एका पाटाची खालची ओळ, थ्री-डी ही पाच पाटांची वरची; खालची ओळ आधी भरायची. एका पाटावर फार तर दोघे. आणि एका ओळीत प्रत्येकाला स्वतंत्र पाट मिळेपर्यंत कुणी दुसऱ्याच्या पाटावर बसायचं नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ते कळायचं. पण तुमचा आणखी एक नियम होता, तो आपल्या घरचा होता: पंगत उठेपर्यंत मध्येच कुणी उठायचं नाही. त्यापायी तुम्ही क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनलाही उठू दिलं नाहीत. तो मात्र उठतो, बाबा. फोर-एसमधला एक जण उठून थ्री-डीच्या रिकाम्या पाटावर जातो. मग सहा पाट, सहा जण, प्रत्येकाला आपापली जागा, आणि अणूला तीच मांडणी जास्त मानवते.

मलाही हे उशिराच कळलं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मी भर वर्गात तुमचं उत्तर ठासून सांगितलं आणि सगळे हसले. घरी येऊन तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही तेव्हा निवृत्तीच्या सत्काराची शाल पांघरून बसला होतात. नाही सांगितलं. मी शिकवायला लागल्यावर स्वतःच्या वर्गात बरोबर उत्तर शिकवलं आणि तुमची वही तशीच राहू दिली. त्या गप्प बसण्याची किंमत आज कालिंदी मोजते आहे, आणि याची लाज मला तुमच्या रागापेक्षा जास्त वाटते.

मी वहीतली चूक सांगितली तेव्हा प्रधानाचार्य म्हणाले, तुमच्या वडिलांचं, बडे गुरुजींचं नाव कशाला खराब करता, मुलगी पुढच्या वर्षी पास होईल. मी त्यांना स्पष्ट नाही म्हटलं. तेच तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही अबोला धरलात. धरा. एका मुलीचं वर्ष बुडवून टिकणारं नाव मला नको, मग ते माझ्या बापाचं का असेना.

वही मी कपाटातून काढून तुमच्या टेबलावर ठेवली आहे. पान सत्तेचाळीस, शेजारी लाल पेन. उद्या दहा वाजता मी ती घेऊन कॉलेजात जाणार आहे आणि कालिंदीचे दोन मार्क मागणार आहे. त्या पानावर दुरुस्ती असेलच, एवढं नक्की. ती तुमच्या अक्षरात व्हावी म्हणून हे पत्र लिहिलं. सकाळपर्यंत पान तसंच राहिलं, तर माझ्या अक्षरात होईल.

तुमचीच, तुमच्याच वर्गात शिकलेली,
मैत्रेयी